आधी दोऱ्या

"हे टोक घट्ट धर," नवरा म्हणाला आणि त्याने टेबलाच्या पलीकडे ठोकलेली चरखी फिरवायला घेतली. तीन बारीक धागे, त्यांना पीळ घालून त्याची एक दोरी, असा बेत होता.

तिने टोक धरलं नाही. "आधी जहाज दाखवा. कुठंय जहाज?"

"होईल गं."

"होईल म्हणे! बाजारात तुरी आणि..." पुढची म्हण तिने गिळली. तर नवरा हसला. इथेच माशी शिंकली. टोमणा मारला की हा माणूस आयुष्यभर फणकारत आलेला. हसतोय कसला?

ती शर्टांच्या कारखान्यात चेकर होती. शर्ट उलटा करायचा आणि सुटलेला टाका बोटाने हुडकायचा. निर्दोष शर्ट निघाला की हिला झोप यायची नाही. 'बाई स्वर्गात गेली तरी ढगांची शिवण तपासेल,' असं पोरी म्हणायच्या. पोटाचं दुखणं सुरू झालं तेव्हापासून ती घरीच होती.

नवरा लेथवरचा टर्नर. निवृत्त झाला आणि डोक्यात खूळ शिरलं: कुठल्याशा जुन्या राजाची युद्धनौका, लाकडाची, हातभर लांब, पहिल्या फळीपासून स्वतः घडवायची. विकतचा खिळासुद्धा नको. नौकेच्या मागच्या अंगाला एकावर एक सज्जे, त्यांवर कोरलेले सिंह, पऱ्या, शंख फुंकणारी गुबगुबीत पोरं. चित्र बघून तिने विचारलं होतं, "हे लढायला निघालेत का लग्नाला?"

तेव्हा त्याने स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने आखून तिला सगळं समजावलं होतं. आधी तळाचा कणा, मग बरगड्या, मग फळ्या. मग कोरीवकाम, त्यातच चार-पाच वर्षं जाणार. मग तोफा, डोलकाठ्या आणि अगदी शेवटी दोऱ्या. "दोऱ्या तुझ्या. धागा तुझ्याइतका कोणाला कळतो? पण त्याला अजून दहा वर्षं आहेत. तोवर दात शाबूत ठेव, गाठी ओढायला लागतील." ती चांगलीच उखडली होती. फरशी शेवटी तिनेच पुसली.

आणि आता कणा नाही, बरगडी नाही, घरात लाकडाची ढलपी नाही, अन् म्हणे टोक धर! पाणी कुठेतरी नक्की मुरत होतं. महिनाभर हा गडी साखर पेरून बोलत होता. भाजीत मीठ जास्त पडलं तरी "छान झालीये." बायको जुनी झाली की नवऱ्याला भाजी छान लागते कधी?

पहिला संशय अर्थातच बाईचा. धाग्याच्या दुकानात याच्या फेऱ्या फार. दुसऱ्या दिवशी ती स्वतः जाऊन आली. गल्ल्यावर मिशाळ म्हातारा बसला होता, कानावर केस असलेला. ती जराशी निराशच झाली.

मग ती लाकडाच्या वखारीत गेली. जहाजाचं खूळ बारगळलं असेल तर तसं तरी कळेल.

"छे छे, बारगळतंय कसलं!" वखारवाला म्हणाला. "चांगलं मुरलेलं लाकूड बाजूला ठेवायला सांगितलंय त्यांनी. म्हणाले, सध्या सवड नाही, नंतर मला वेळच वेळ आहे."

नंतर. ती चालत घरी निघाली. शर्ट उलटा करावा तसा तिने तो महिना उलटा केला. तपासण्यांचे रिपोर्ट आणायला तो एकटा गेला होता, 'तू कशाला उन्हात येतेस' म्हणत. डॉक्टर काय म्हणाले, तर अशक्तपणा. टॉनिक घे. आणि त्याच आठवड्यात घरात चरखी आली होती.

घरी तो धागे लावून तिची वाटच बघत होता.

"वखारीत गेले होते," ती म्हणाली.

त्याचा हात चरखीवरच थांबला.

"दोऱ्या शेवटी असतात ना? मग आधी का?"

त्याने चरखीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "बाकीचं सगळं मी एकटा करू शकतो गं. दोरी वळायला दोन माणसं लागतात."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"वर्ष... वर्ष धरू नका म्हणाले."

"आणि मला टॉनिक पाजलंत! जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी, आणि माझ्याच अंगातली माझ्यापासून लपवता? लाज नाही वाटत?" ती ओरडली, मग खुर्चीत बसून रडली. तिला भीती वाटत होती, आणि रागही आला होता, त्या शंख फुंकणाऱ्या पोरांचासुद्धा. ती आपल्याला दिसणार नाहीत. तो शेजारी उभा राहिला. पाठीवर हात ठेवू की नको, हे त्याला ठरवता येईना.

तिने पदराने नाक पुसलं. "किती लागते दोरी?"

"पुष्कळ. जाड, बारीक, सगळ्या मिळून घरभर."

"मग थोडी वरकड करून ठेवू. एखादी तुटली तर कोणाला बोलावणार आहात?"

तिने टोक चिमटीत घट्ट धरलं. चरखी फिरली, अडली, पुन्हा फिरली. त्याचे डोळे तिच्या तोंडावरून हलत नव्हते.

"सारखी फिरवा," ती म्हणाली. "आणि माझ्याकडे नका बघू. दोरीकडे बघा."