अकरा दहाचा पिवळा ठिपका

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लपवत नाही. बावीस वर्षं लिफ्टच्या तक्रारी घेण्यात गेली माझी. लिफ्ट अडकली की लोक आमच्या कंपनीला कळवतात आणि आम्ही जवळचा मेकॅनिक शोधून पाठवतो. ऑफिसात होतो तेव्हा माझी खुर्ची सगळ्यांच्या मागे असायची. कोण काम करतंय आणि कोण नुसती मान खाली घालून बसलंय, हे मला पाठीवरून कळायचं. मग कंपनीने दोन मजल्यांपैकी एक सोडला, आमच्या सात जणांच्या टीमला घरून काम करायला लावलं आणि माझ्या हाती दिला एक ठिपका.

हा ठिपका स्क्रीनवर प्रत्येकाच्या नावापुढे असतो. माणूस कामावर असला की हिरवा, पाच मिनिटं कशाला हात लावला नाही की पिवळा. साहेब म्हणायचे, "आपली कंपनी विश्वासावर चालते, ताई." चालत असेल, पण मला काय ठाऊक नाही? घरून काम कसं करावं याचं दोन तासांचं ऑनलाइन ट्रेनिंग झालं, तेव्हा मी ते लावून ठेवलं आणि कपडे वाळत घालत होते. मधूनमधून येऊन माऊस हलवून जायचे. दोन तास माझा ठिपका हिरवागार होता. जे मी करू शकते ते दुसरा करणार नाही, असं मानायला मी काही खुळी नाही.

टीममध्ये एक होता मौनीबाबा. नाव आम्हीच ठेवलेलं, कारण तो गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलायचा नाही. घरून काम सुरू झाल्यावर तो आपल्या गावी गेला, इथून रेल्वेने नऊ तासांवर. रोज सकाळी साडेनऊला आमची दहा मिनिटांची मीटिंग असते, सगळ्यांनी कॅमेरा लावायचा आणि आज काय करणार ते सांगायचं. हा सांगायचा, "तक्रारी घेणार." झालं. मागे भिंतीला पांढऱ्या टाइल्स. बाथरूमच्या दारात बसतो की काय हा माणूस?

आणि रोज अकरा दहाला त्याचा ठिपका पिवळा व्हायचा. पंचवीस मिनिटं. पुन्हा दुपारी सव्वातीनला तेवढाच वेळ. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, रोज. माझ्या मनात पाल चुकचुकली. बरं, काम बघावं तर चोख. एकही तक्रार रेंगाळलेली नाही. मला तर त्याचाच जास्त संशय आला. पन्नास मिनिटं गायब राहून काम पुरं होतंच कसं? नक्कीच दुसरीकडेही नोकरी करतोय आणि इथलं काम कोणाकडून तरी उरकून घेतोय.

त्यातच साहेबांनी फर्मान काढलं. प्रत्येक टीममधल्या एकाला ऑफिसात परत बोलवायचं होतं, कायमचं, आठवड्याचे पाच दिवस. ज्याच्यावर लक्ष ठेवायची गरज आहे असा माणूस निवडा, म्हणाले, आणि महिन्याच्या शेवटच्या बुधवारी चारपर्यंत नाव कळवा. मौनीबाबाचं नाव दिलं तर तो येऊ शकणार नाही, नोकरी सोडेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणूनच पुराव्याशिवाय नाव द्यायचं नाही, असं मी ठरवलं. तेवढी न्यायाची चाड मला आहे.

आमच्या टीमचं एक सामाईक कपाट आहे, म्हणजे कॉम्प्युटरवरचं. त्यात मी माझ्यापुरती एक नवीन वही उघडली. नाव ठेवलं 'निरीक्षण', आणि पहिल्याच ओळीत साहेबांचं फर्मान मुदतीसकट टिपून ठेवलं. त्यात तारीख-वेळ घालून लिहायला लागले. '११.१० ते ११.३५ गायब.' 'मीटिंगमध्ये मागून बाईचा आवाज, ही कोण?' 'तोंड धुतलेलं दिसत नाही.' 'सगळे हसले, हा हसला नाही.' आमचे हे माझ्या खांद्यावरून वाचून म्हणाले, "अगं, हसला नाही हा गुन्हा कधीपासून झाला?"

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला माणसं कळत नाहीत."

"खरंय. कळली असती तर लग्नाआधीच सावध नसतो का झालो?" असं म्हणून ते चहा ठेवायला गेले.

दोन आठवड्यांनी टीमची वागणूक बदलली. जो तो मला सांगून उठायला लागला. 'ताई, पाणी पिऊन येते, दोन मिनिटं.' 'ताई, दार वाजलंय, बघून येतो.' सुरुवातीला मी खूश झाले. चला, शिस्त लागली. मग मात्र वाटायला लागलं, यात काहीतरी पाणी मुरतंय. मीटिंगमध्ये कोणी थट्टा करेना. बडबडी म्हणून आमची एक मुलगी आहे, तिला गप्प करायला एरवी हात जोडावे लागतात. तीसुद्धा दोन वाक्यं बोलून थांबायची. माझ्यामागे यांचा वेगळा ग्रुप असणार, माझ्याविरुद्ध काहीतरी शिजत असणार, अशी माझी खात्री झाली. तेही मी वहीत लिहिलं.

शेवटच्या आठवड्यात सोमवारी नवलच झालं. अकरा दहा झाले, अकरा वीस झाले, मौनीबाबाचा ठिपका हिरवाच. सव्वातीनलाही हिरवा. मंगळवारी तसंच. मी लिहिलं, 'सोमवारपासून दिवसभर जागेवर. वचक बसलेला दिसतो. बोलावणार हे कुठून तरी कळलं असावं.' त्यालाही मी लबाडीतच धरलं.

बुधवारी दुपारी साहेबांना संदेश लिहून ठेवला, त्यात मौनीबाबाचं नाव घातलं. पाठवण्याआधी एक साक्ष असावी म्हणून तीन वाजता बडबडीला फोन केला.

"अकरा दहाला तो कुठे जायचा, तुला माहीत आहे का?"

ती म्हणाली, "ताई, त्यांनी तुम्हाला उत्तर दिलंय ना. प्रत्येक ओळीला."

"कुठे?"

"तुमच्या वहीत. त्या कपाटातलं सगळं सगळ्यांना दिसतं, ताई. ते ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की. आम्हाला वाटलं, आम्ही वाचावं म्हणूनच तुम्ही तिथे ठेवलीय."

 तिने सांगितलं तसं मी उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनावर क्लिक केलं. वहीच्या बाजूला एक पट्टी उघडली. माझ्या ओळी डावीकडे, त्यांच्यासमोर त्याची उत्तरं.

'११.१० ते ११.३५ गायब' याच्यासमोर होतं, 'बाबा अंथरुणाला खिळलेत. त्यांची कूस बदलून पाठ पुसावी लागते. बहिणीला एकटीला पेलत नाहीत. फोन खिशात असतो.' बाईच्या आवाजासमोर, 'बहीण.' तोंड न धुण्यासमोर, 'रात्री बाबांना त्रास झाला. धुवून बसायला हवं होतं, चुकलं.' आणि हसला नाही याच्यासमोर लिहिलं होतं, 'पुढच्या वेळी हसेन.'

त्याखाली बाकीच्यांनीही लिहिलं होतं. एकाने, 'अकरा दहा ते अकरा पस्तीस यांच्या तक्रारी मी घेतो, गेलं वर्षभर.' बडबडीने, 'सव्वातीनच्या मी. माझं बाळ उठतं तेव्हा माझ्या ते घेतात.' सगळ्यांनी मिळून वेळा वाटून घेतल्या होत्या. कोणाची लिफ्ट कधी अडकून राहिली नव्हती, ती यामुळे. साहेब ज्याच्यावर भाषणं देत होते ते या पोरांनी करून दाखवलं होतं, आणि मी पुरावे गोळा करत बसले होते.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. आवाज चढवायला गेले, पण चढलाच नाही.

"तुम्ही विचारलं कुठे, ताई? तुम्ही लिहून ठेवता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.  साहेबांसाठीचा संदेश मी पुसून टाकला. वहीत पुन्हा पाहिलं, तर सोमवारच्या ओळीसमोर उत्तर नव्हतं. घरून कामाच्या दीड वर्षात पहिल्यांदाच मी मौनीबाबाला फोन लावला.

"मी तुझं नाव देत नाहीये," मी घाईघाईने सांगितलं. "माझं चुकलं. तू तुझ्या वेळेला उठत जा. बाबांचं आधी कर."

"ताई, बाबा शनिवारी गेले," तो म्हणाला.

 मागे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"अरे, मग सोमवारी कामावर कसा बसलास? रजा का नाही टाकलीस? कळवलं का नाहीस कोणाला?"

"बहीण म्हणत होती, टाक. पण बुधवारी नाव जाणार होतं ना. म्हटलं, तुमच्या वहीत माझ्या नावावर आणखी एक ओळ नको." मग म्हणाला, "आता मी येऊ शकतो, ताई. माझंच नाव द्या. बडबडीचं बाळ लहान आहे, तिचं नका देऊ."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. तो फोनवर थांबून राहिला. शेवटी मीच म्हटलं, "आता उठ. स्क्रीन बंद कर आणि बहिणीजवळ जाऊन बस. पंधरा दिवस मला दिसू नकोस."

"तक्रारी?"

"त्या मी घेते."

त्याची रजा मी परवाच्या सोमवारपासूनच लावली. साहेबांना पावणेचारला नाव पाठवलं, माझं स्वतःचं. त्यांचा लगेच फोन आला. "ताई, थट्टा करताय का? लक्ष ठेवायची गरज असलेला माणूस विचारला होता मी."

"तोच कळवलाय, साहेब," मी म्हटलं.

मौनीबाबाच्या नावापुढचा ठिपका तोपर्यंत पिवळा झाला होता. माझ्या स्क्रीनवर त्याच्या वाट्याची तक्रार आली, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये कोणी म्हातारे गृहस्थ अडकले होते. मी मेकॅनिकला फोन लावला.