मालकानं काय करू नये

झरीचा नागनाथ बरीच वर्षं फौजेत सिग्नलमध्ये होता. निरोप सांकेतिक भाषेत घालायचे आणि आलेले उलगडायचे, हे त्याचं काम. अठ्ठ्याऐंशीत पेन्शन घेऊन आला तेव्हा बायकोनं, कुसुमबाईनं विचारलं, "काय असायचं वो त्या निरोपांत?"

"सांगता येत न्हाई."

"आता तर सुटलाव की."

"मी सुटलो. निरोप न्हाई सुटले."

परभणीत माणिकराव शेठची बियाण्यांची कंपनी होती. त्यांनी कॉम्प्युटर घेतला, खोलीला एसी बसवला आणि यंत्राच्या सुरक्षेसाठी फौजी माणूस म्हणून नागनाथला ठेवलं. शेठच्या मनात बंदूक होती. नागनाथनं यंत्र बसवायला आलेल्या माणसाकडून सगळं शिकून घेतलं आणि पासवर्ड लावला. दर सोमवारी तो बदलायचा. बाहेरची फ्लॉपी आत आणायला बंदी केली.

एकदा तो जेवायला गेला असताना शेठचे मेव्हणे चंद्रभान हैदराबादेहून खेळाची फ्लॉपी घेऊन आले. नागनाथ परतला तेव्हा पडद्यावर एक ठिपका चेंडूसारखा उड्या मारत होता आणि सगळं ऑफिस तो बघत होतं.

"लय भारी हाय," शेठ म्हणाले.

"व्हायरस हाय शेठ."

"म्हंजे?"

"यंत्राला रोग झालाय."

"मग एसी कमी करा."

नागनाथनं सगळ्या फ्लॉप्या ताब्यात घेतल्या आणि खोलीला कुलूप घातलं. नेमके दुसऱ्या दिवशी जिंतूर-गंगाखेडचे दुकानदार कॉम्प्युटर बघायला आले.

"उघडा," शेठ म्हणाले.

"आजून साफ व्हायचंय."

"मी मालक हाय!"

"हाव शेठ. म्हणून तर तुमाला आधी सांगायलोय."

शेठनं त्याला सगळ्यांसमोर काढून टाकलं. नागनाथनं किल्ली दिली, पासवर्ड शेठच्या कानात सांगितला आणि निघाला. दुकानदारांना तो चेंडू फार आवडला.

घरी तो जेवला नाही. कुसुमबाईनं ताट झाकून ठेवलं.

गावात रंगनाथ साप्ताहिक काढायचा. विद्यापीठाच्या नामांतराच्या बातम्यांनी त्याची तीन पानं भरायची, चौथं रिकामं राहायचं. तो नागनाथकडे आला.

"फौजेवर लिहा."

"ते गुप्त हाय."

"कॉम्प्युटरवर?"

"तेबी गुप्तच."

"मग गुप्त काय न्हाई?"

नागनाथनं विचार केला. "धंदा."

"तुमी कधी केलाव?"

"न्हाई. म्हणून तर लपवायला काई न्हाई."

पहिल्या लेखाचं नाव होतं 'मालकानं काय करू नये'. माणूस नेमावा, मग त्याचं ऐकावं. पाहुण्यांसमोर त्याला बोलू नये. नातेवाइकांना दुकानात खेळू देऊ नये, असं सरळ लिहिलं होतं. कुसुमबाईनं मोठ्यानं वाचला आणि पदर तोंडाला लावून हसली. "आवं, हे तर तुमचे शेठ!"

"नाव कुठंय?" नागनाथ म्हणाला. पण त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला.

रविवारी दारात शेठची स्कूटर थांबली. नागनाथ उठून ताठ उभा राहिला.

"झकास लिहिलाव," शेठ म्हणाले. "त्या बन्सीधरला बरोबर हाणलं. मी पंचवीस अंक घेतले, त्याच्या दुकानात वाटायला."

बन्सीधर म्हणजे मोंढ्याच्या बाजारातले शेठचे स्पर्धक. त्यांनी मंगळवारी पन्नास अंक घेतले आणि माणिकरावांच्या ऑफिसात पाठवून दिले.

रंगनाथ म्हणाला, "हाच विषय चालू द्या."

नागनाथनं पुढं कित्येक वर्षं तोच विषय लिहिला. परभणीतल्या एकाही मालकाला राग आला नाही.