रुखमाचं अर्धं गाणं

रंजितानं आजवर किती गाणी कापली असतील, याचा हिशोब खुद्द तिच्याजवळही नव्हता. पवनीच्या बाजाररोडवर तिचं आणि नवऱ्याचं, नीलेशचं, झेरॉक्स आणि मोबाईल डाऊनलोडिंगचं दुकान. गिऱ्हाईक यायचं, मेमरी कार्ड काचेवर टाकायचं आणि म्हणायचं, "ताई, नाटकातली भरून द्या." कोणाला लग्नाची पाहिजेत, कोणाला भजनं. रिंगटोन बनवायची असली की ते काम मात्र रंजिताचं. सुरुवातीची पिपाणी उडव, मधली खरखर उडव, गाण्याचा गाभा तेवढा ठेव. नीलेश गिऱ्हाईकांसमोर तिची फिरकी घ्यायचा, "हिच्यासमोर जपून बोला बाप्पा. तुमच्या बोलन्यातलं 'अं अं' बी कापून हाती देईन!"

पण आता नेट स्वस्त झालं आणि कार्ड भरायला कोणी येईनासं झालं. दुकानाच्या संगणकात मात्र वर्षानुवर्षांची गाणी तुंबून पडलेली. आणि तो संगणक आता म्हातारा झाला होता. चालू केला की आतून डब्यात खडा हलवावा तसा आवाज यायचा, मध्येच पडदा थिजायचा. म्हणून नीलेशनं भंडाऱ्याहून एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणली. खिशात मावेल एवढी काळी डबी. तो डोळे मोठे करून म्हणाला, "आपलं अख्खं दुकान याच्यात जाते म्हनते. आता बोल!"

रंजिताला अख्ख्या दुकानाशी घेणंदेणं नव्हतं. तिचा जीव एका फोल्डरमध्ये अडकला होता. त्याच्यात तिच्या आईची, रुखमाची, गाणी होती. रुखमाचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, माणसं पुनर्वसनच्या घरांत विखुरली. तिथेच मागच्या पावसाळ्यात, खाटेवर पडल्यापडल्या, रुखमानं लेकीच्या मोबाईलमध्ये रोवण्याची गाणी म्हटली होती. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोपं रोवताना बाया म्हणतात ती. हिवाळ्यात रुखमा गेली. मोबाईल नंतर पाण्यात पडून मेला. म्हणजे आईचा आवाज या जगात आता एकाच ठिकाणी उरला होता, त्या खडखडणाऱ्या संगणकात.

"पयले आईचं फोल्डर घ्या," ती म्हणाली.

"घेतो ना. हा कॉम्प्युटर बसला त उठणार नाही, येवढं समजते मले."

"थांबा पण. मी आधी साफ करून देते. मंग एकदाच जाऊ द्या, कायमचं."

आणि तिनं आईचं पहिलं गाणं रिंगटोन कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. पडद्यावर आवाजाची रेघ आली. थोडा उंचवटा, मग लांबच लांब सपाट रेघ, पुन्हा उंचवटा, पुन्हा सपाट. एक ओळ म्हणायची आणि आई गप्प. दुसरी ओळ म्हणायची आणि गप्प. बिचारीला शेवटी शेवटी दम फार लागायचा, त्याच त्या जागा, असं रंजितानं मानलं. आईचा थकवा कशाला जपून ठेवायचा? तिनं सपाट जागा निवडून निवडून कापल्या आणि सेव्ह केलं.

आता गाणं एका दमात वाजत होतं. मागे कोणी लागल्यासारखी आई ओळीवर ओळ म्हणत होती. ऐकायला फार गोड वाटेना, पण साफ झालं होतं. तिनं दुसरं गाणं उघडलं आणि कापायच्या आधी नीट ऐकावं म्हणून स्पीकर मोठा केला.

*"आंबील कोनं आनली वं, बांधीच्या धुऱ्यावर?"*

आईचा आवाज बाजाररोडवर गेला. आणि आई गप्प झाली.

*"भावजय आली वं, चुंबळ डोईवर!"*

रंजिता दचकली. आवाज संगणकातून आला नव्हता, रस्त्यावरून आला होता. दारासमोर झिंग्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन रेवताबाई उभी होती. बुडालेल्या गावातली, रुखमाच्या शेजारची. बाजाराच्या दिवशी मासे विकायला यायची. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं, आपण काय करून बसलो असा चेहरा.

आणि तेवढ्यात, रेवताबाईचा सूर खाली टेकला तिथेच, एका श्वासाचंही अंतर न पडता, स्पीकरमधून रुखमानं पुढची ओळ उचलली.

*"पानी कोठून आलं वं, माहेरच्या वाटेनं?"*

रेवताबाईनं डोळे मिटले. डोक्यावरचं टोपलं जरासुद्धा हललं नाही.

*"तलाव सांडला वं, मामाच्या काठानं!"*

पुन्हा तसंच. तिनं संपवावं आणि रुखमानं घ्यावं. ना कमी, ना जास्त. गाणं संपेपर्यंत एक मेलेली आणि एक जिती बाई एकमेकींना ओळी देत राहिल्या. नीलेश हातातली वायर तशीच धरून उभा. शेजारच्या हातमाग कापडाच्या दुकानातले भैय्यालालजी कापड मोजायचा गज हातात घेऊनच बाहेर आले होते.

"रेवताबाई," त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "अंदरवालीले कसं समजते वो, कधी थांबाचं ते?"

"तिले नाही समजन त कोनाले समजन?" रेवताबाईनं टोपलं खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं. मग एकदम रंजितावरच उखडली. "अन तू काहून वं, रोवन्याचं गानं भर बाजारात लावून राहिली? बांधीत पाय बुडवल्याबिगर म्हनत नसते ते. माह्या तोंडातून निंघून गेलं पाय, बाजारात! लोक काय म्हनतीन?"

"पण मावशी, तुम्ही मधात काय म्हटलं?"

"मधात?" रेवताबाई तिच्याकडे पाहतच राहिली. "ते मधात नाही व माय. ते उत्तर हाय. बायाईच्या दोन रांगा राहतेत बांधीत. एक रांग इचारते, दुसरी सांगते. तुही माय इचारनारी, मी सांगनारी. लग्न होऊन आलो तवापासून तेच. तुले मालूम नाही?"

नव्हतं मालूम. कसं असणार? रंजिता लहानपणापासून शाळेसाठी भंडाऱ्याला आत्याकडे. गावी यायची ती दिवाळीत आणि उन्हाळ्यात. रोवणा आषाढ-श्रावणातला आणि त्याचवेळी शाळा. बांधीबाहेर ही गाणी म्हणायची नाहीत, हा नेम. कोळ्याच्या पोरीला मासळी ठाऊक नसावी तशी गत. रुखमाच्या लेकीनं रुखमाचं रोवण्याचं गाणं उभ्या जन्मात अख्खं ऐकलंच नव्हतं.

म्हणजे ती दम घ्यायची जागा नव्हती. खाटेवर पडलेल्या आईला त्या गप्प जागेत रेवता ऐकू येत होती. अख्खी बांधी ऐकू येत होती. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, हातात घेऊन चिखलात वाकलेल्या बायांची समोरची रांग उत्तर देऊन संपेपर्यंत आई वाट पाहायची आणि मग पुढचं विचारायची. रंजिता खाटेजवळ बसून होती, पण तिला वाटलं होतं आई एकटीच गाते आहे. केवढी माणसं होती त्या खोलीत! तिला हे सगळं एकदम इतकं मोठं वाटलं की स्टूलवर बसल्याबसल्या तिनं टेबल घट्ट धरलं.

आणि मग तिला आठवलं. "बाप रे, मी एक कापलं!"

"कापलं म्हणजे?" नीलेश.

"पहिलं गाणं. उत्तराच्या साऱ्या जागा काढून टाकल्या. सेव्ह बी केलं." तिचा आवाज फुटला. "मावशी, मी तुमचीच जागा कापून टाकली."

रेवताबाईला सेव्हबिव्ह काही कळलं नाही. रडणं तेवढं कळलं. तिनं रंजिताच्या पाठीवर हात ठेवला, हाताला झिंग्यांचा वास होता. "रडू नोको. लाव ते. मी सांगतो कोठी थांबाचं हाय ते."

संगणकातला खडा जोरजोरात वाजायला लागला होता. नीलेश घाई करायला लागला. "जे कराचं ते लवकर करा वो. हा आता गेला की मंग गेला."

रंजितानं कापलेलं गाणं लावलं. पहिली ओळ झाली की थांबवायची. रेवताबाई उत्तर म्हणायची. ते जेवढं लांब भरलं तेवढी कोरी जागा रंजिता त्या ओळीपुढे उघडायची. मग दुसरी ओळ. आजवर तिनं गाण्यांतून काढलंच होतं. आज पहिल्यांदा ती गाण्यात काही घालत होती, आणि घालत काय होती, तर काहीच नाही. पण ते काहीच नाही किती मापाचं असावं लागतं, हे तिच्या हाताला आत्ता कळत होतं. भैय्यालालजी दारात उभे राहून गिऱ्हाईकांना परतवत होते, "थांबा जरासे, अंदर काम सुरू हाय."

गाणं पुन्हा मोकळंढाकळं झालं. मग नीलेशनं फोल्डर डबीत टाकलं. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकायला लागली, मध्येच थिजली आणि पुन्हा सरकली. गेलं. सगळं गेलं. नीलेशनं सुस्कारा सोडला आणि लगेच त्याच्या डोक्यात कल्पना आली.

"मावशी, मी म्हणतो, तुमचे उत्तरं बी रेकॉर्ड करून घेऊ ना! मधात बसवून देऊ. पूर्ण गाणं होऊन जाईन."

"नाही बाप्पा." रेवताबाईनं मान हलवली. "मी बसली तेथी, त मंग बाकीच्या बायाईनं कोठी बसाव? रुखमानं जागा ठेवली हाय, राहू दे तिची जागा."

नीलेशनं माऊस खाली ठेवला.

"नीट आलं का ते त पाहा," शेवटी भैय्यालालजी म्हणाले. मग नीलेशनं डबीतूनच फोल्डरमधलं शेवटचं गाणं लावलं. रंजितानं ते रेकॉर्ड केल्यापासून एकदाही ऐकलं नव्हतं. तिची हिंमतच झाली नव्हती.

रुखमाचा आवाज बारीक झालेला होता. पण सूर हलत नव्हता.

*"कोनाची लेक वं, बांधीले आली?"*

आणि गप्प. रंजितानं रेवताबाईकडे पाहिलं. रेवताबाईनं ओठ घट्ट मिटले होते. त्या गप्प जागेत, मोबाईलच्या अगदी जवळून, एक तिसराच आवाज आला. "आई, थांब जराशी. दम घे."

तो रंजिताचाच होता. तिच्या पाठोपाठ रुखमा हसल्याचं ऐकू आलं. कोरडं, खोकल्यात मिसळलेलं हसू. मग तीच ओळ पुन्हा.

*"कोनाची लेक वं, बांधीले आली?"*

पुन्हा गप्प, आणि पुन्हा जवळचा आवाज, "पाणी देऊ का?"

"अवं माय माय माय!" रेवताबाईनं कपाळाला हात लावला. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. "ते तुले इचारून राहिली, अन तू तिले पानी पाजून राहिली!"

रंजितानं घाईघाईनं गाणं थांबवलं. तिला आता स्वच्छ दिसत होतं. आई ओळ म्हणून झाली की भुवया उचलून तिच्या तोंडाकडे पाहायची. रंजिता उशी सरकवायची, पांघरूण नीट करायची. आई हसून पुन्हा विचारायची.

"याचं उत्तर तुम्ही द्या मावशी."

"मले नाही देता येत ते. त्याच्यात जे बाई उत्तर देते, तिनं आपल्या मायचं नाव घ्याव लागते. मायचं नाव, अन म्होरं 'पऱ्हे घेऊन आली'. येवढंच हाय. घे."

"बाजारात म्हणत नसते ना ते?"

"आज म्हन."

नीलेशनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि स्पीकर आईच्या बोलण्याएवढा मोठा केला. पहिली ओळ झाली, 'दम घे' येऊन गेलं. दुसऱ्यांदा ओळ आली, पाणी येऊन गेलं. आईनं कंटाळा न करता तिसऱ्यांदा विचारलं.

*"कोनाची लेक वं, बांधीले आली?"*

या खेपेला जागा नुसती मोकळी होती. तिच्यात कोणी बोलत नव्हतं.

*"रुखमाची लेक वं, पऱ्हे घेऊन आली,"* रंजितानं म्हटलं. सूर वाकडा लागला, शेवटी आवाज चिरकला. तरी तिनं ओळ पूर्ण केली. आणि ती पूर्ण होताक्षणी, अगदी होताक्षणी, रुखमानं पुढची ओळ घेतली. पहिल्यापेक्षा जराशी वरच्या सुरात.

"ऐकलं वं तिनं," रेवताबाई म्हणाली.