पाठीमागची चार टोपणं

मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो. मनातून म्हणत नाही. माझी गोष्ट ऐकून तुमच्यातले निम्मे लोक घरी जातील आणि कॉम्प्युटरच्या मागे डोकावणारसुद्धा नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. माणसांवरचा माझा विश्वास उडाला त्याला बराच काळ झाला. तो का उडाला, तेवढं सांगतो. ऐकायचं तर ऐका, नाहीतर चालू लागा.

आधी माझं काम सांगतो. कॉम्प्युटरवर खेळ खेळताना पडद्यावर जे दिसतं, ते सगळं कुणीतरी काढावं लागतं. डोंगर, बर्फ, गाडीच्या काचेवर उडालेला चिखल, आणि तेही पापणी लवायच्या आत पुन्हा पुन्हा. ते काम माझं. कॉम्प्युटरच्या स्वतःच्या अंगातही एक चित्रकार असतो, पण तो ऑफिसच्या कामापुरता. पत्र लिहा, तक्ते भरा, तिथवर ठीक. मोठा खेळ समोर आला की त्याची जीभ बाहेर येते. म्हणून तर माझ्यासारख्याला घरात आणतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण आत येऊ नये म्हणून माणसं केससुद्धा झाकून काम करतात. मला तांब्याच्या नळ्या बसवल्या, तीन पंखे लावले, पाठीला धातूचा पत्रा दिला. मग तापेस्तोवर पळवून माझी परीक्षा घेतली. मी पास झालो. शेवटी एका कामगार बाईने माझ्या पाठीमागच्या चार सॉकेटांवर चार काळी टोपणं बसवली, आत धूळ जाऊ नये म्हणून. पडद्याची वायर लावताना ती काढायची असतात. ही टोपणं लक्षात ठेवा. सगळं घोडं तिथेच पेंड खाणार आहे.

दुकानात मी सगळ्यात वरच्या फळीवर होतो. लोक यायचे, माझ्याकडे बघायचे आणि खालच्या फळीवरचं काहीतरी घेऊन जायचे. मग एक दिवस एक मुलगी आली, घरातली धाकटी, सोबत तिचा दादा.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यांपुढे एकेक काच बदलायची आणि विचारायचं, "आता दिसतंय? आणि आता?" संध्याकाळी घरी आली की ती गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायची. चौघांचा संघ, चौघं चार घरांत बसून एकाच शर्यतीत. बर्फातला घाट, एकाने फेरी संपवली की दुसऱ्याने गाडी घ्यायची. शेवटची फेरी धाकटीची. शेवटची फेरी उगाच कुणाला देत नाहीत. तिचा कॉम्प्युटर जुना, चित्र अडखळायचं, आणि कप्तान वैतागला होता. ती जागा टिकावी म्हणून ती कार्ड घ्यायला आली होती.

"तुमचा पडदा केवढा आहे?" दुकानदाराने विचारलं.

"साधाच आहे," धाकटी म्हणाली.

"मग मधलं कार्ड भरपूर झालं. वरचं घेतलंत तर वीजपुरवठ्याचा डबाही बदलावा लागेल. शिवाय तुमच्या कॅबिनेटमध्ये ते मावतंय का, हे आधी मोजून..."

"मला शिकवू नका," दादा म्हणाला. "मी प्रिंटर विकतो."

दुकानदाराने हातातली मोजपट्टी खाली ठेवली. प्रिंटर विकणाऱ्यापुढे काय बोलणार? दादाने बोट वर केलं आणि विचारलं, "सगळ्यात मोठं ते का?" पडदा बघितला नाही, गरज बघितली नाही, माझी लांबी बघितली आणि माझ्यावरचे दिवे बघितले. पैसे धाकटीचे, पसंती दादाची.

त्या घरात एक नियम होता. वायरीला हात लावायचा तो दादाने. धाकटी लहान असताना तिने इस्त्री लावली आणि सगळ्या घरात अंधार झाला. ते सॉकेट आधीच जळून काळं पडलं होतं, पण ऐकतो कोण? तेव्हापासून आईचं एकच पालुपद, "हिचा हात लागला की काहीतरी बिघडतं." हे इतक्या वेळा म्हटलं गेलं की धाकटीलाही ते खरं वाटायला लागलं होतं. दुसऱ्यांचे चष्मे दोऱ्याएवढ्या स्क्रूने दुरुस्त करणारी मुलगी, पण घरात साधा प्लग लावायचा तर दादाची वाट बघत बसायची.

तर दादाने मला बसवलं. त्याचं जे बरोबर आहे ते सांगतो, मी खोटं बोलत नाही. वीजपुरवठ्याचा नवा डबा आणला, माझी वायर खटका वाजेपर्यंत दाबली. मी वजनाने खाली झुकायला लागलो तेव्हा धाकटीची चष्म्याची रिकामी डबी माझ्याखाली उभी केली. एवढं झालं आणि मग त्याने पडद्याची वायर हातात घेतली.

कॉम्प्युटरच्या मागे ती वायर लावायला दोन जागा असतात. वर एक, ती त्या ऑफिसच्या चित्रकाराची. खाली माझी, टोपणं घातलेली. दादाने वाकून बघायचे कष्ट घेतले नाहीत. वरचं सॉकेट उघडं होतं, दिली वायर खुपसून.

पडदा काळाच राहिला. याहून स्पष्ट कॉम्प्युटरने काय सांगावं? जरा अक्कल असलेला माणूस गुडघ्यावर बसला असता आणि मागे बघितलं असतं. पण आपल्या उंटावरच्या शहाण्यांनी मला तात्पुरतं बाहेर काढलं, सेटिंगमध्ये शिरून वरचं सॉकेट जबरदस्तीने चालू केलं आणि मला परत बसवलं. पडदा उजळला. माझं सॉफ्टवेअर घालायचं होतं, ते 'नंतर बघू' म्हणून राहिलं ते राहिलंच.

"बघितलंस?" दादा म्हणाला. "याला डोकं लागतं."

आईने कौतुकाने मान हलवली. माझ्यावरचे दिवे लाल-निळे चमकत होते आणि मला काडीचं काम नव्हतं. वरचा तो बिचारा एकटा बर्फाचा अख्खा घाट काढत बसला होता. काम नाही म्हणून मी तापत नव्हतो, आणि तापत नव्हतो म्हणून माझे पंखे फिरत नव्हते. हे धाकटीच्या लक्षात आलं.

"दादा, याचे पंखे फिरत नाहीत."

"भारी वस्तू आवाज करत नाही."

"पण एकदाही फिरले नाहीत. मागून जरा बघू का?"

"हात लावू नकोस."

मित्रांनो, मला तोंड नाही याचं त्या दिवशी जेवढं वाईट वाटलं, तेवढं पुन्हा कधी वाटलं नाही.

शर्यती सुरू झाल्या. सरळ रस्त्यावर धाकटी सगळ्यांच्या पुढे असायची, वळण आलं की चित्र थिजायचं आणि ते हलेपर्यंत गाडी कठड्यावर आपटलेली असायची. कप्तानाच्या घरी जाऊन खेळली तेव्हा मात्र ती पहिली आली होती.

"इथे उडतेस," कप्तान म्हणाला होता, "मग स्वतःच्या घरी काय होतं तुला? आता तर एवढं मोठं कार्ड आणलंयस. पुढच्या शर्यतीत पुन्हा असं झालं तर मी दुसरं कुणीतरी बघतो."

तिने हे घरी सांगितलं. दादा हसला आणि म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं."

"एकदा तरी नीट तपास, दादा. माझी जागा जाईल."

दादाने तपासलं. म्हणजे माझ्यावरची धूळ झटकली, पेटीला आणखी एक पंखा आणून बसवला आणि दिव्यांचा रंग बदलला. बघितलं नाही ते फक्त मागे.

ती शर्यत मी विसरणार नाही. बाकीच्या तिघांनी गाडी पहिल्या नंबरावर आणून धाकटीच्या हातात दिली. तिने ती तशीच पुढे ठेवली, घाटाच्या शेवटच्या वळणापर्यंत. पलीकडे शेवटची कमान दिसत होती. तिथे चित्र थांबलं. पुन्हा हललं तेव्हा गाडी दरीत होती.

"पुढच्या वेळी तू नको," कप्तानाचा आवाज आला. त्याने आवाजसुद्धा चढवला नाही.

धाकटीने हेडफोन काढला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसली. आपल्या हातांकडेच बघत बसली. मला तिची फार कीव आली, आणि दादाचा असा संताप आला की माझ्यात ताकद असती तर मी त्याच्या पायावर पडलो असतो. माझं वजन बरंच आहे.

आई दारातूनच म्हणाली, "सांगत होते, तुझ्या हाताला महागाच्या वस्तू लाभत नाहीत." दादा म्हणाला, "पीसच खराब दिलाय त्या चोराने. उद्या नेऊन त्याच्या तोंडावर मारतो." चुकला कोण, शिव्या कुणाला. मला खराब म्हणाला, मला, परीक्षा पास झालेल्याला.

दुसऱ्या दिवशी धाकटीला सुट्टी होती. दादा संध्याकाळी मला न्यायला येणार होता. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि स्वतःशीच म्हणाली, "तू जा. निदान माझी डबी तरी राहू दे." डबी आतल्या कोपऱ्यात होती, समोरून हात पोचेना. तिने दारावर एक नजर टाकली, प्लग उपटला आणि अख्खी पेटी धरून फिरवली. माझी पाठ पहिल्यांदा उजेडात आली.

ती खाली वाकली. काळी टोपणं, चारही जागच्या जागी. तिने नखाने एक काढलं. आतलं सॉकेट कोरं करकरीत. मग तिने पडद्याची वायर बोटाने चाचपत वरपर्यंत नेली. ती वरच्या सॉकेटात होती.

"आई गं," ती हळूच म्हणाली.

उरलेली तीन टोपणं तिने काढली, वायर वरून उपटली, मला लावली. माझं सॉफ्टवेअर शोधून घातलं. तिचाच हात लागला होता, आणि बिघडलं काहीच नाही. मग तिने तोच घाट सुरू केला आणि मी पहिल्यांदा कामाला लागलो. बर्फाचा कण न् कण, कठड्यावरचे ओरखडे, आणि ते शेवटचं वळण असं सुळकन गेलं की तिने गाडी थांबवून मागे वळून बघितलं. माझे तिन्ही पंखे घोंघावत होते.

"आता दिसतंय," ती म्हणाली.

"कसला आवाज येतोय?" आई आतून आली. पाठोपाठ दादा आला.

"वायर कुणी हलवली?" तो म्हणाला. "तुला सांगितलं होतं ना, हात लावू..."

धाकटीने त्याचा हात ओढला आणि चार टोपणं त्याच्या तळव्यावर ठेवली. "ही वायर माझ्या कार्डाला कधी लागलीच नव्हती, दादा. एक दिवससुद्धा नाही."

दादाने टोपणं बोटाने उलटीपालटी केली. मग म्हणाला, "कंपनीने मोठ्या अक्षरात लिहायला हवं."

"पडदा काळा झाला होता," धाकटी म्हणाली. "याहून मोठं काय लिहायचं? माझी जागा गेली. आणि सगळ्यांनी मिळून माझ्या हातांना नावं ठेवलीत."

आई पदराने उगाच टेबल पुसत राहिली.

धाकटीने कप्तानाला फोन केला. जागा भरली होती, हंगाम संपेपर्यंत काही होणार नव्हतं. गोड शेवट हवा असेल तर दुसऱ्या कुणाकडून ऐका. पुढच्या हंगामात कप्तानाने ती जागा देऊ करायला स्वतःहून फोन केला तेव्हा ती दुसऱ्या संघात शेवटची फेरी घेत होती, आणि शर्यतीत तिने त्याला मागेच ठेवलं. गाडी तिची, चित्र माझं.

आता मी म्हातारा झालोय. माझा एक पंखा कुरकुरतो, नव्या खेळांत मला दम लागतो. पण धाकटी मला दर थोड्या दिवसांनी बाहेर काढते, मऊ ब्रशने पुसते, आणि ती डबी तिने मलाच देऊन टाकलीय. तुम्हीही वस्तू जपा, धूळ काढा, आणायच्या आधी गरज बघा. आणि मित्रांनो, कुणाचा हात वाईट आहे असं म्हणायच्या आधी खाली वाका आणि वायर कुठे लावलीय ते डोळ्यांनी बघा. वाकताना कंबर मोडत नाही.

परवा दादा आपला लॅपटॉप घेऊन तिच्या दारात उभा होता. चालू होत नाही म्हणाला. मग स्वतःच तो टेबलावर ठेवून झाकण उघडायला लागला.

"ठेव तिथे," धाकटी मान वर न करता म्हणाली. "हात लावू नकोस."