लिबोरियोच्या गाडीचे घोडे

व्हिला सांतेलिया या जुन्या हवेलीचा दुहेरी जिना प्रोव्हिदेन्झा कुणाचाही हात न धरता चढली. तिचं वय चौऱ्याऐंशी. मागून तिची भावजय निन्फा कठड्याला धरून धापा टाकत येत होती.

"आधीच सांगते, भांडायचं नाही," निन्फा म्हणाली.

"लोक हसतात म्हणून तूच घरी येऊन सांगितलंस ना?"

"सांगितलं. चल भांडू या, असं नाही म्हटलं."

गेल्या रविवारी निन्फा चर्चमधल्या बायकांबरोबर हे संग्रहालय पाहायला आली होती. तिथल्या मोठ्या दालनात प्रोव्हिदेन्झाच्या वडिलांनी, मास्त्रो म्हणजे उस्ताद कारागीर लिबोरियोंनी, रंगवलेली घोडागाडी ठेवली होती आणि चित्रातले घोडे उलट्या दिशेने काढलेत म्हणून पहारेकरी सगळ्यांना हसवत होता. ते ऐकल्यापासून प्रोव्हिदेन्झाला जेवण गोड लागत नव्हतं. पाच गावांतले गाडीवान ज्यांच्या दारात रांग लावायचे, त्या माणसाची मेल्यावर अशी थट्टा!

वाटेतल्या लहान दालनांत ती क्षणभर थांबली. तिथे आता भिंतींवर तैलचित्रं होती. तिच्या लहानपणी, हवेली ज्यांची त्या राजघराण्यातलं कुणी उरलं नव्हतं आणि याच दालनांत लिंबांच्या पेट्या भरल्या जायच्या. बारा वर्षांची असताना ती इथेच जमिनीवर बसून एकेक लिंबू पातळ कागदात गुंडाळायची. छतावरचे चुन्याचे गुबगुबीत देवदूत मात्र तेच होते. "वरून नुसतं बघताय काय, उतरा आणि हात लावा," असं बायका त्यांना म्हणायच्या. आता एकाचं नाक गेलं होतं.

गाडी मधल्या लंबगोल दालनात, आरशांच्या छताखाली होती. गाडीचा रंग पिवळा, किनार लाल, आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर तलवारी उपसलेले स्वार. प्रोव्हिदेन्झा एका बाजूने गेली, दुसऱ्या बाजूने आली. स्वार खरंच मागे पळत होते. दोन्हीकडचे.

"मावशी, दोरीच्या अलीकडे राहा," खुर्चीतून पहारेकरी म्हणाला. नुन्झियो त्याचं नाव. "गंमत बघितलीत? गाडी निघाली समुद्राकडे आणि शूरवीर निघाले घरी. बहुतेक चढवून बसला होता चित्रकार."

"तो माझा बाप. आणि तो बदामाच्या सरबतापलीकडे काही पीत नव्हता."

नुन्झियो खुर्चीतून उठला.

"त्या फळ्या कुणी बसवल्या?" तिने विचारलं.

"ते मला काय ठाऊक?"

"मग ज्याला ठाऊक असेल त्याला बोलाव."

संग्रहालयाच्या प्रमुख ग्रिमाल्दीबाई आल्या. पस्तिशीतल्या, गळ्यात चष्मा.

"बाईसाहेब, डावी फळी उजवीकडे लागलीय आणि उजवी डावीकडे," प्रोव्हिदेन्झा म्हणाली. "ब्रश उचलण्याआधी माझे वडील विचारायचे, डावी की उजवी? गाडीवरचा घोडा गाडीबरोबरच पळतो. उलटा घोडा कुठल्या गाडीवानाने घरी नेला असता? अपशकुन म्हणून दारातच मोडली असती गाडी."

"आजी, तुमचं म्हणणं पटतं. पण काही पुरावा—"

"इकडे या." तिने दोरी उचलली आणि खुशाल आत शिरली. नुन्झियो पुढे आला, पण बाईंनी त्याला हातानेच थांबवलं. "हा डाग बघा. इथला रंग तळव्याएवढा घासून गेलाय. गाडीवान डाव्या अंगाला, पुढे, पाय खाली सोडून बसतो. त्याच्या पोटरीने गेलाय हा रंग. आता हा डाग कुठे आहे? उजवीकडे, मागे! तिथे बसून त्याने लगाम काय दातांत धरला होता?"

निन्फाला हसू आवरेना.

ग्रिमाल्दीबाई खाली बसल्या. मोबाइलचा उजेड पाडून त्यांनी तो डाग पाहिला, मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिथल्या फळीची कड पाहिली.

"फळ्या कोठारात सुट्या सापडल्या होत्या," त्या म्हणाल्या. "बसवल्या मीच. चूक माझी आहे. पण आता त्या हलवायच्या तर पालेर्मोहून परवानगी हवी. वर्ष लागेल, कदाचित दीड."

"तेवढं जगेन असं मी काही धरून चालत नाही."

"गाडीजवळची माहितीची पाटी बदलणं मात्र माझ्या हातात आहे." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पाटीवरचं वाक्य वाचलं, "चित्रकाराने घोड्यांची दिशा चुकवली आहे." त्यावर सरळ रेघ मारली. "आता काय लिहू?"

"फळ्या बसवताना अदलाबदल झाली, चित्रकाराचा दोष नाही. तेवढं पुरे."

बाईंनी तसंच बारीक अक्षरात लिहिलं. मग पेन पुढच्या ओळीवर नेलं. "इथे आणखी एक आहे. 'घोड्यांचे पाय ताठ आणि कच्चे वाटतात.' हेही खोडते."

"खोडा, खोडा!" निन्फा म्हणाली. "हात चालतोय तोवर सगळंच खोडा."

प्रोव्हिदेन्झाने वाकून घोड्यांकडे पाहिलं. एकेका पायाकडे, सावकाश. वडील स्वारांचे चेहरे एका सकाळीत काढायचे आणि पायांपाशी आठवडाभर अडून बसायचे. मग चिडून खुरं झाकायला खाली गवत रंगवायचे.

"नको," ती म्हणाली. "पाय त्यांना जमतच नव्हते. ते राहू द्या."