कोस्केऱ्याची नदी वर चढते

एल्मा कांगासला हसणाऱ्यांची सवय होती. पन्नाशी ओलांडलेली बाई, अमेरिकेतल्या डुलुथच्या बाजारपेठेत चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून देते आणि सकाळी कामावर निघण्याआधी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ड्रॅगन आणि राक्षसांचा ब्लॉग लिहिते, म्हटल्यावर लोक हसणारच. दुकानाचा मालक ग्लेन तर येताजाता विचारायचा, काय गं, ड्रॅगनला जवळचा नंबर असतो की लांबचा? एल्मा मान वर न करता सांगायची, त्याला लांबचं अगदी स्वच्छ दिसतं, म्हणून तर तो तुझ्या दुकानाकडे फिरकत नाही.

तसं पाहिलं तर ब्लॉगवर नुसते ड्रॅगन नसायचे. दारातलं बर्फ फावड्याने उपसताना डोक्यात काय आलं, लापशी का करपली, चष्मा घेताना माणसं आरशात पाहून खोटं का बोलतात, असलंही बरंच असायचं. आणि फिरून फिरून गाडी यायची ती लहानपणावर. एकदा तिने लिहिलं होतं, "मोठी माणसं मला विचारतात, तुला हे सगळं सुचतं कुठून? लहान मुलं असं कधीच विचारत नाहीत. सुचणं बंद कसं करतात, हेच त्यांना ठाऊक नसतं. ते आपण त्यांना शिकवतो, आणि वर त्याला समजूतदारपणा म्हणतो." वाचणारे तीनचारशे असतील. पण नेमाने वाचणारे होते. मॅनिटोबातली एक निवृत्त नर्स तर पोस्ट यायला उशीर झाला की तब्येत विचारायची.

या ब्लॉगवरचा देश म्हणजे कोस्केरा. एल्माने तो सातव्या वर्षी वसवला होता, किराणा दुकानाची तपकिरी पिशवी फाडून, तिच्या आतल्या बाजूवर, मेणाच्या खडूंनी. राक्षसांच्या भट्ट्या, रडणाऱ्या घंटांचं देऊळ, पांढऱ्या अस्वलांचं सरोवर. आणि त्या सरोवरातून निघून, भट्ट्यांना वळसा घालून, टेकडीवर टेकडी चढत थेट डोंगरमाथ्यावरच्या एका घराच्या दाराशी जाऊन थांबणारी एक जाडजूड निळी नदी. पुढच्या सगळ्या गोष्टी एल्माने त्या नदीच्या काठाने लिहिल्या. नदी वर का चढते, हे ना कोणत्या गोष्टीत सांगितलेलं होतं ना कुणी विचारलं होतं.

त्या हिवाळ्यात मिनिआपोलिसच्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेची मेरेडिथ नावाची संपादक ब्लॉगवर येऊन पोचली. तिला गोष्टी आवडल्या, आणि त्यांचं पुस्तक करायचं ठरलं. एल्माने दुकानात कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी तिने एका आजीबाईला उलटी फ्रेम घातली आणि स्वतःच खुदकन हसली. इतकी वर्षं स्वयंपाकघरात एकटीने दळण दळलं, आता त्या पिठाची भाकरी होणार होती. आनंदाच्या भरात तिने तो जुना तपकिरी नकाशा ब्लॉगवर टाकला.

तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

कल्पित देशांच्या नकाशांचं वेड असलेल्या माणसांची एक वेगळीच जात आहे. ही माणसं आधी राजाराणी पाहत नाहीत, राक्षस पाहत नाहीत, आधी नदी पाहतात. नदी समुद्राकडून डोंगराकडे गेली, एका नदीच्या वाटेतच दोन झाल्या, पर्वत काटकोनात वळले, की यांना कोण आनंद होतो. उडणारा सरडा आग ओकतो तो यांना चालतो, पण पाणी उताराने गेलंच पाहिजे. अशा नकाशांची टर उडवणारं एक पान होतं, त्यावर कुणीतरी कोस्केऱ्याचा नकाशा नेऊन टाकला. खाली धो धो हशा. कुणी लिहिलं, या बाईच्या देशात आंघोळ छतावर करत असतील. कुणी लिहिलं, लेखिकेला प्राथमिक शाळेत परत बसवा. एल्माने सगळं वाचलं, शेवटपर्यंत वाचलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी मेरेडिथचा फोन. आवाज गोड, पण म्हणणं पक्कं. गोष्टींना हात लावायला नको, फक्त नदी फिरवायची, डोंगरावरून सरोवराकडे. हल्ली वाचक आधी नकाशाच उघडतात, त्यांनी पहिल्याच पानावर दात काढले तर पुढचं कोण वाचणार? एका शनिवारचं तर काम आहे. एल्मा हो म्हणाली. खरंच म्हणाली. पुस्तक हवं होतं तिला, खोटं कशाला बोला.

शनिवारी तिने स्वच्छ कागदावर नवा नकाशा काढला. नदी डोंगरातून निघाली, शहाण्यासारखी खाली आली, सरोवराला मिळाली. गोष्टींमध्ये इकडे चार ओळी, तिकडे सहा ओळी बदलाव्या लागल्या, बस. काहीच मोडलं नाही. तिला वाटलं होतं सगळा देश कोसळेल, निदान एखादी गोष्ट तरी अडून बसेल. कुणाला पत्ताही लागला नसता, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

रविवारी दोन्ही नकाशे घेऊन ती टेकडी उतरून बापाकडे गेली. रेइनो कांगास, वय ऐंशीच्या पुढे, बंदराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या इमारतीत एका खोलीत राहायचा. आयुष्यभर त्याने गावाला लागून असलेल्या समुद्राएवढ्या तळ्यावर लोखंडाची कच्ची माती वाहणाऱ्या जहाजावर सुकाणू धरलं होतं. त्यांच्या फिनिश घरात बापाला इसा म्हणायची रीत होती. इसाने कॉफी केली, दालचिनीचे सुके टोस्ट काढले, मेरेडिथचं म्हणणं ऐकून घेतलं, आणि मुलीचा ब्लॉग आजवर एकदाही न वाचलेल्या त्या माणसाने भिंग घेऊन दोन्ही नकाशे असे तपासले, की जणू त्याला तिथून जहाज न्यायचं आहे.

"ही बरोबर आहे," त्याने नव्या कागदावर टिचकी मारली. "पाणी चढत नसतं, एल्मा. संपादकीण शहाणी आहे. छापून टाक."

एल्मा म्हणाली, जुना मी सात वर्षांची असताना काढलाय. इसा म्हणाला, मग तेव्हा तुला कळत नव्हतं, आता कळतं. एवढं म्हणून त्याने टोस्ट कॉफीत बुडवला. त्याच्या लेखी विषय संपला होता.

एल्माच्या आत इतक्या वर्षांचं काहीतरी उकळून वर आलं. त्यांचं जुनं घर टेकडीच्या माथ्यावर होतं आणि अजूनही ती तिथेच राहत होती. मार्चमध्ये बर्फ फुटलं की इसा जायचा, तो जानेवारीत तळं गोठायला लागल्यावर यायचा. पण जायचा म्हणजे काही लांब नव्हे, तेच तर दुखणं होतं. त्याचं जहाज महिन्याकाठी दोनतीनदा याच बंदरात माती भरायला यायचं. पुलाखालून आत शिरताना भोंगा द्यायचं. पोरगी खिडकीला नाक लावून बसायची. खाली, टेकडीच्या पायथ्याशी, जहाज स्पष्ट दिसायचं. बाप दिसायचा नाही. माती भरून व्हायची, जहाज पुन्हा भोंगा देऊन निघून जायचं. आई म्हणायची, कामाची पाळी असेल गं त्याची, सुकाणू सोडून कसा येईल. सुकाणू सोडून येत नाही ना, मग सुकाणूसकट येऊ दे, असं त्या पोरीने ठरवलं आणि निळा खडू उचलला.

"ही नदी कुणासाठी चढवली होती, माहितीये तुला?" ती म्हणाली. "तुझं जहाज दारापर्यंत यावं म्हणून. तू खालच्या खाली येऊन जायचास."

इसाने कप खाली ठेवला. "मी पोटासाठी जात होतो. मौज मारायला नाही."

"ठाऊक आहे. तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून तुझ्यावर राग काढता आला नाही, पाण्यावर काढला. पाण्याला म्हटलं, तू चढ." तिने दोन्ही नकाशे गोळा केले. "आणि तू घरी नव्हतास, इसा. त्या नदीत चूक काढायचा तुला हक्क नाही. कुणालाच नाही, पण तुला तर मुळीच नाही."

कांगासांच्या घरात भांडण फार लांबत नसे, कारण एकजण गप्प बसायचा आणि तो नेहमी इसाच असायचा. एल्मा जिना उतरून गेली. रस्त्यावर आल्यावर तिला रडू आलं, तिने ते येऊ दिलं, आणि तशीच टेकडी चढून घरी आली.

घरी येऊन तिने नव्या नकाशाचे चार तुकडे करून चुलीत घातले आणि ब्लॉग लिहायला बसली. नदी वर का चढते, ते पहिल्यांदाच सरळ सांगितलं. खिडकी, भोंगा, टेकडी, सगळं. शेवटी लिहिलं:

"तुम्ही म्हणता, पाणी असं वागत नाही. मान्य. पाणी कसं वागतं हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, मी त्याच्या काठावर वाढले. म्हणूनच मला दुसरं पाणी बनवावं लागलं. तुम्ही या सगळ्याला पळवाट म्हणता, पोरकटपणा म्हणता. सात वर्षांच्या पोरीने एक अन्याय पाहिला आणि हातात होता त्या खडूने तो दुरुस्त केला. आज माझ्या हातात खडूपेक्षा बरंच काही आहे, आणि मी घाबरून तिची दुरुस्ती पुसणार होते. नाही पुसणार. कोस्केऱ्याची नदी वर चढते. ज्याला हसायचं असेल त्याने हसावं, देश माझा आहे."

तेच मेरेडिथलाही कळवलं, जरा कमी तिखट शब्दांत. बुधवारी उत्तर आलं. कारण ऐकून मन हेलावलं, पण कारण नकाशावर छापता येत नाही, सहकाऱ्यांशी बोलले, या स्वरूपात आम्हाला पुढे जाता येणार नाही, शुभेच्छा. संपलं. एल्माने ते दोनदा वाचलं आणि भांडी घासायला घेतली. इतकी आदळआपट केली की कपाचा कान तुटला. वाईट वाटलं तिला, फार वाईट वाटलं. कपाटात पुस्तकासाठी जागा करून ठेवली होती, तिच्याकडे बघवेना. पण पोस्ट काढून टाकावी असं एकदाही मनात आलं नाही. ब्लॉगवर काहींनी पुन्हा टिंगल केली, काहींनी गप्प वाचलं. मॅनिटोबाची नर्स एवढंच म्हणाली की माझा बाप रेल्वेत होता, मी असते तर दारापर्यंत रूळ आखले असते.

शनिवारी दुपारी दार वाजलं. दारात इसा. थंडीने नाक लाल, टोपी कानांवर, श्वास फुललेला. बस खालच्या चौकापर्यंतच येते, पुढचा चढ तो पायी आला होता. त्या इमारतीतल्या वाचनालयातल्या मुलीकडून त्याने ब्लॉगची ती पोस्ट छापून घेतली होती, नकाशासकट. तिने कॉफी ठेवली, त्याने कोटही न काढता कागद टेबलावर पसरला आणि खिशातून भिंग काढलं.

"या भट्ट्या म्हणजे कोपऱ्यावरची बेकरी ना?"

एल्मा हो म्हणाली. घंटांचं देऊळ म्हणजे आपलं चर्च, हेही त्याने ओळखलं होतं. मग त्याने बेकरीजवळच्या वळणावर नख टेकवलं.

"इथे जमत नाही. आमचं जहाज सातशे फुटी. या वळणाला मागची बाजू बेकरीच्या भिंतीवर जाणार. पात्र रुंद कर, नाहीतर बेकरी हलव."

थट्टा करतोय का, म्हणून एल्माने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. कपाळाला आठ्या घालून तो खरोखरच वळण मोजत होता. तरीही तिचा आवाज चढलाच.

"काही हलवणार नाही. पात्र आहे तेवढंच राहील. जहाज वळायचं तिथून, रोज वळायचं."

"कसं वळेल? अगं, एवढ्याशा जागेत? सुकाणूवर कोण होतं?"

"तू."

इसाने भिंग खाली ठेवलं. त्याने त्या निळ्या रेघेवरून बोट नेलं, तळ्यापासून बेकरीपर्यंत, बेकरीपासून दारापर्यंत. मग त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मग वळलं असेल," तो म्हणाला.