खिडकीकडची सीट

“वहिनी, ती बस घरातून हलवू नकोस. मग बाबा बसतील कुठे?” नणंद फोनवर म्हणाली.

“घरात खुर्च्या आहेत की,” मी म्हटलं. “लांबून सल्ले देऊ नकोस. आठवडाभर ये इथे आणि माझ्या पोराचा खोकला ऐक.”

बस म्हणजे सासऱ्यांची मागची खोली. उभा जन्म त्यांनी डेपोत बसच्या सीटा शिवल्या. रेक्झिन, काथ्या, दाभण, बस्स. सासूबाई गेल्यावर भंगारातल्या सीटा आणून त्यांनी खोलीत ओळीने मांडल्या आणि त्यांच्यावर माणसं शिवून बसवली. आत काथ्या, वर रेक्झिनची कातडी. डुलक्या काढणारा कंडक्टर, पोट सुटलेला हेडमिस्त्री, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली कुणी बाई. खिडकीकडच्या सीटवर सासूबाई, त्यांच्याच हिरव्या स्वेटरमध्ये. शेजारची जागा मोकळी. संध्याकाळी चहाचा कप घेऊन सासरे तिथे जाऊन बसायचे.

बाळ नुकतं रांगायला लागलं होतं. एकदा त्याच्या मुठीत दाभण सापडलं. काथ्याचा भुगा घरभर. डॉक्टर म्हणाले, धूळ टाळा. टाळा म्हणे! त्यामुळे कुणाकडून तरी ऐकून संग्रहालयाच्या बाई आल्या, खोलीच्या दारात हरखून उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना पाणी द्यायच्या आधी मी विचारलं, “कधी नेता?” आजही विचारीन.

“नातवाला त्रास होतो ना, मग न्या,” सासरे म्हणाले.

“आजोबा, सगळं तुमचंच आहे. केव्हाही या, निवांत बसा,” बाई म्हणाल्या.

बस गेली आणि पुढच्याच आठवड्यात सासरे संग्रहालयात जायला निघाले. बाळाला कडेवर घेऊन मीही गेले.

“सध्या सगळं फ्रीजरमध्ये आहे,” बाई म्हणाल्या. “काथ्यात कीड असते. गोठवली की मरते.”

“हिलाही ठेवलंय आत?”

“कोणाला?”

“हिच्या सासूला.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

बाई हसल्या. “आजोबा, त्या वस्तू आहेत आता.”

“किडीचाच प्रश्न असेल तर मलाही ठेवा. मीही काही कोरा करकरीत नाही.”

परतताना जिन्यात ते थांबले. “अंगावर एकच स्वेटर आहे गं तिच्या,” म्हणाले. मी बाळाची टोपी सारखी करत राहिले.

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी सगळी बस मोठ्या दालनात, दिव्यांखाली, भोवती दोरी. शेजारी पाटी: ‘रिकामी जागा हेच या कलाकृतीचं मर्म.’ सासऱ्यांनी ती चष्मा पुसून पुन्हा वाचली.

“रिकामी कुठाय? माझी आहे ती.”

दोरी ओलांडून ते आपल्या जागेवर जाऊन बसले. सासूबाईंची कॉलर सारखी केली. कुठेतरी घंटी किंचाळली आणि पहारेकऱ्याने त्यांच्या काखेत हात घातला.

“ए म्हाताऱ्या, ऊठ! बसायची जागा आहे का ही?”

“हात काढा आधी!” मी ओरडले. बाळ रडायला लागलं. “त्यांनीच केलंय हे!”

“म्हणून काय झालं?” बाई धावत आल्या. “आज हे बसले, उद्या सगळे बसतील.”

“केव्हाही या, बसा, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

“ती बोलायची पद्धत असते हो.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “आणि न्यायची घाई तुम्हालाच झाली होती.”

बाळाचा खोकला थांबला होता. माझ्याकडे तेवढंच उत्तर होतं. ते या बाईला कशाला देऊ?

आता दोरीच्या जागी काच आली आहे. सासरे रोज एकटेच जातात. नवरा म्हणतो, “जाऊ दे, वेळ जातो त्यांचा.” नणंद फोन करते, तोही भावाला. मी बाळाला घेऊन रोज कशी जाणार? दुपारचा डबा बांधून देते. रिकामा परत येतो, पण कधीकधी इतका स्वच्छ धुतलेला असतो की मला संशय येतो.

तुम्ही कधी तिथे गेलात तर काचेसमोरच्या बाकावर ते दिसतील. जेवलात का, एवढं विचारा. मला ते खरं सांगत नाहीत. ते बाकाच्या एका टोकाला बसतात. खिडकीकडची बाजू मोकळी दिसली, तरी उभ्यानेच विचारा.